बिनकामाची हिरवी वायर

रविवार, ३ ऑगस्ट. सकाळी सव्वासात.
आजपासून रोज लिहायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, शिस्त सैल पडली आहे. शिवाय चोवीस तारखेला श्रद्धा येणार, इरावतीला घेऊन. नात साडेचार महिन्यांची झाली आणि मी अजून तिला फक्त फोनवर पाहिलंय. बाळंतपण नागपूरला झालं. इंदिरा दोन महिने तिकडे राहून आली. मला जाता आलं नाही, कारण घर कोण सांभाळणार. घराला त्या दोन महिन्यांत काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं.
एकवीस दिवस हातात आहेत. कामांची यादी केली. पहिलं काम, बाळाचे कपडे वाळत घालायला भक्कम दोरी. ऑगस्टमध्ये लोणावळ्यात कपडे वाळत नाहीत, नुसते लटकतात. दुपटी आणि लंगोट मिळून दिवसाला वीस तरी होतील असं इंदिरा म्हणते.
दुसरं काम उद्या लिहीन.

सोमवार, ४ ऑगस्ट
पडवीतली नायलॉनची दोरी तुटली. इंदिराने ओली सोलापुरी चादर टाकली होती. चादर चिखलात गेली. मी म्हणालो, बघ, यादीत पहिलं काम मी काय लिहिलं होतं. तिने चादर परत धुतली.

मंगळवार, ५ ऑगस्ट. दुपारी.
समाधान वाटतंय, म्हणून सविस्तर लिहितो.
पडवीतल्या मेन बोर्डातून एक हिरवी वायर निघते. भिंतीवरून घराच्या मागे जाते, बाथरूमच्या पाइपाला एक वेढा घेते आणि पुढे जमिनीत गाडलेल्या एका गंजक्या पाइपात संपते. वीस वर्षं बघतोय, तिने कधी काही काम केल्याचं आठवत नाही. हिरव्या वायरीत करंट नसतो. हे मी स्वतः नववीला शिकवलंय. माझा विषय इतिहास, पण शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा सहा वर्षं भरली नाही आणि ती मी एकट्याने ओढली. तेव्हापासून विज्ञान अंगात मुरलंय.
करंट नसलेली वायर म्हणजे दोरीच. मागच्या बाजूने पक्कडीने कापली आणि पुढे आणली. वरचं टोक बोर्डात गेलंय, तिथे हात घालायला शिडी लागते आणि माझी कंबर ही अशी. ते तसंच ठेवलं. एका बाजूची गाठ वाचली. पडवीतून आडवी ताणून दुसरं टोक खोलीच्या खिडकीच्या ग्रिलला बांधलं. वरचं प्लास्टिक सोलून आतल्या तांब्याचे ग्रिलला चार पीळ दिले. सुटायची बात नाही.
इंदिराला दाखवलं. बरी आहे म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे खूप.

गुरुवार, ७ ऑगस्ट
माळ्यावरून श्रद्धाचा लोखंडी पाळणा काढला. घासला, पांढरा रंग दिला. त्याच खिडकीपाशी ठेवला, ग्रिलला अगदी टेकवून. वारा लागेल, डोंगर दिसेल. साडेचार महिन्यांच्या मुलीला डोंगराचं काय कळतं, असं इंदिरा म्हणाली. मला कळतं, मी म्हणालो.
आणखी एक. बाथरूमच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात, अशी तिची तक्रार आहे. कालपासून. मी समजावलं की ही स्थिर विद्युत, नायलॉनच्या गाऊनमुळे होते. सुती घाल. ती म्हणाली की आंघोळीला ती गाऊन घालून बसत नाही.
कंबर दुखतेय. लवकर झोपतो.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. सकाळी आठ.
प्रयोग केला. गीझर चालू ठेवून नळ दोन्ही हातांनी घट्ट धरला. एक मिनिट. काही नाही. निष्कर्ष, तक्रार मानसिक आहे.
इंदिरा म्हणाली, तुम्ही रबरी चपला घालून आंघोळ करता. करतो. पाच वर्षांपूर्वी घसरलो होतो तेव्हापासून. पण प्रयोगाचा आणि चपलांचा संबंध काय, हे तिला सांगता आलं नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट
टेस्टर नळाला लावला. दिवा लागला. टेस्टर जुना आहे.

रविवार, १० ऑगस्ट
बाजारातून नवा टेस्टर आणला. नळाला लावला. लागला. गीझर बंद केला, तर नाही लागला. चालू केला, परत लागला. हल्ली मालच चांगला येत नाही.
नियम केला की आंघोळीला बसण्याआधी गीझर बंद करायचा. तसा मी कोणाचं न ऐकणारा माणूस नाही. पण इंदिरा म्हणते, या हवेत बादली भरेपर्यंत पाणी कोमट होतं. शिवाय बाळाला आंघोळ घालताना मध्येच गरम पाणी लागतं, तेव्हा कोण बटणाकडे धावणार. मी म्हणालो, मी आहे ना.

सोमवार, ११ ऑगस्ट
गोरख दूध घालायला आला. टाकव्याचा. शेजारचा बंगला सांभाळतो, मालक वर्षातून चार वेळा येतो. दुधाची पिशवी खिडकीतून देताना त्याचा हात ग्रिलला लागला आणि तो मागे सरकला. म्हणाला, "सर, तुमच्या खिडकीला करंट हाय. लय न्हाई, पन हाय." मी म्हणालो, दमट हवेत असं वाटतं. तो म्हणाला, "आमची हवा बी हीच हाय की." मग म्हणाला, तुमची मांजर आठवडाभर आमच्याकडंच झोपती, इथं खिडकीत यायला भिती.
मांजर कृतघ्न असते, हे जगजाहीर आहे.
तरी पाळणा ग्रिलपासून वीतभर बाजूला घेतला. वाऱ्याचा झोत थेट नको म्हणून.

बुधवार, १३ ऑगस्ट
इंदिरा आता गॅसवर पाणी तापवते आणि मागच्या अंगणात, पत्र्याच्या आडोशाला आंघोळ करते. पावसात. एकसष्टाव्या वर्षी. मी म्हणालो, हा हट्ट आहे. ती म्हणाली, अल्लाउद्दीनभाईंना बोलवा. अल्लाउद्दीन म्हणजे ज्याने या घराची वायरिंग केली तो वायरमन. तेव्हा आमच्याच गल्लीत राहायचा, आता सोमाटण्याला असतो.
बोलवायचं नाही असं ठरवलंय. कारण त्याची मुलगी रुखसार. आयटीआय करून तीही वायरमन झाली आणि हल्ली बापाबरोबर तीच येते. ती माझ्या नववीच्या वर्गात होती. हिरव्या वायरीत करंट नसतो असं मी फळ्यावर लिहिलं, तर उभी राहून विचारते, सर, मग ती असते कशाला. मी तिला तेच वाक्य पन्नास वेळा लिहायला लावलं. मुलांना प्रश्नांची सवय लागली की पोर्शन मागे पडतो.
तिच्यासमोर आता घरात करंट आहे म्हणून सांगायचं, हे बरं दिसत नाही. म्हणजे करंट नाहीच, हा मुद्दा वेगळा.

शुक्रवार, १५ ऑगस्ट. दुपारी.
शाळेत झेंडावंदनाला गेलो. माजी शिक्षक म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. नवीन विज्ञानाच्या बाईंना सहज विचारलं, दमट हवेत नळाला मुंग्या येतात ना. त्या म्हणाल्या, येत नाहीत सर, लगेच कोणाला तरी दाखवा. फार तरुण आहेत.
भाषणं चालू असताना डोळा लागला.

शनिवार, १६ ऑगस्ट
कायमचा उपाय केला. दिवस गेला, पण झाला.
एक, बाथरूममध्ये लाकडी पाट. दोन, पाटावर रबरी चटई. तीन, सायकलची जुनी ट्यूब कापून नळाच्या चावीला गुंडाळली. चार, दाराच्या आतून पाटी लावली, ‘ओल्या हाताने नळास स्पर्श करू नये’. अक्षर चांगलं आलंय.
इंदिराने पाटी वाचली. मग विचारलं की बाथरूममध्ये कोरड्या हाताने काय करायचं असतं. मी दमलो होतो, वाद वाढवला नाही.
संध्याकाळी श्रद्धाचा व्हिडिओ कॉल. इरावती माझ्याकडे बघून हसली. श्रद्धा म्हणाली, ती पंख्याकडे बघून हसते बाबा. बघू. आठ दिवस राहिले.

सोमवार, १८ ऑगस्ट. सकाळी दहा.
झालं ते जसंच्या तसं लिहितो.
पहाटेपासून मुसळधार, अंगणात जाणं शक्य नव्हतं. मीच म्हणालो, जा बाथरूममध्ये, आता सगळं केलंय. आणि गीझर चालू राहू दे, पाणी गरम मिळेल. मीच म्हणालो हे.
पावणेसातला तांब्या पडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. हाक मारली, उत्तर नाही. दार ढकललं तर कडी. खांद्याने दोनदा ढकललं. कडी निघाली.
इंदिरा भिंतीला टेकून खाली बसली होती. डोळे उघडे होते. पाटावरून पाय खाली आला आणि ट्यूब निसटली, असं नंतर म्हणाली. नळाने हात धरून ठेवला आणि मग झटकून टाकलं. उजवं कोपर बादलीच्या काठावर आपटलं. मी तिला उचलायला वाकलो तर म्हणाली, आधी मेन बंद करा. हे तिला सुचलं. मला नाही सुचलं.
मी घाबरलो. लिहून ठेवतो, कारण इतकं मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. दाराबाहेर असताना मनात एकच आलं, हिच्याशिवाय मला चहासुद्धा करता येत नाही. असला विचार त्या वेळी यावा, याची लाज वाटतेय.

सोमवार, १८ ऑगस्ट. संध्याकाळी.
हाड मोडलेलं नाही. कोपर सुजलंय, हात गळ्यात. डॉक्टरांनी ईसीजी काढून पाहिला, ठीक आहे. मला म्हणाले, काका, घरातलं अर्थिंग तपासलं का कधी. मी म्हणालो, मी नववीला विज्ञान शिकवत होतो. ते म्हणाले, हो, पण तपासलं का.

मंगळवार, १९ ऑगस्ट
इंदिराने श्रद्धाला फोन केला. मी शेजारीच होतो. म्हणाली, येऊ नकोस. वायरिंग जुनी झालीय, घर दुरुस्त झाल्याशिवाय मी बाळाला या घरात पाणी लावणार नाही. गौरी-गणपतीला मीच येते तिकडे. श्रद्धा रडली असावी, कारण इंदिरा बराच वेळ काही न बोलता फोन धरून होती. मग जावयाचा, मुकुलचा फोन आला. तिकिटं शुक्रवारपर्यंत ठेवतो म्हणाला, मग रद्द करतो.
पाळणा रिकामा आहे. रंगाचा वास अजून जात नाही.
अल्लाउद्दीनला फोन केला. म्हणाला, गुडघे गेले सर, आता शिडी चढत नाही. परवा रुखसारला पाठवतो. मी म्हणालो, पाठव. लगेच म्हणालो.

गुरुवार, २१ ऑगस्ट. दुपारी दोन.
रुखसार आली होती. स्कूटीवर, रेनकोट, पाठीला हत्यारांची पिशवी. तिने पायाला हात लावला नाही, नमस्कार केला. इंदिराचं कोपर बघून नुसतं "मावशी" म्हणाली आणि थेट बाथरूममध्ये गेली. माझी पाटी वाचली. काही बोलली नाही, हे तिचं मी जमेला धरतो.
मीटर नळाला लावला. एकशे दहा व्होल्ट. मी म्हणालो, म्हणजे पूर्ण दोनशे तीस नाही, निम्मेच आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मेन बंद केला.
मागे जाऊन आली. मग पडवीत आली आणि कपड्यांच्या दोरीखाली उभी राहिली. दोरीवर माझे दोन बनियन आणि इंदिराचं पातळ. तिने वर बोर्डाकडे पाहिलं, मग दोरीच्या कडेकडेने चालत खिडकीपर्यंत गेली आणि ग्रिलवरचे माझे चार पीळ बघत राहिली. विचारलं, सर, ही दोरी कधी बांधली. मी म्हणालो, पाच तारखेला. ती इंदिराला म्हणाली, मावशी, मुंग्या कधीपासून. इंदिरा म्हणाली, सहा तारखेपासून.
पागोळ्यांचा आवाज येत होता.
तिने सांगितलं ते असं. गीझरच्या आतली कॉइल चिरलीय, आजची नाही, वर्षभर तरी झालं असेल. करंट टाकीत उतरतो, टाकीतून पाइपात, पाइपातून नळात. पूर्वी आमचा जमिनीतला पाण्याचा पाइप लोखंडी होता, तो थोडाफार जमिनीत सोडायचा. तो जाऊन प्लास्टिकचा आला. मग ही एक हिरवी वायर उरली होती. ती सगळं गुपचूप जमिनीत नेऊन सोडत होती. वर्षभर. कोणाला कळलंसुद्धा नाही. मी ती कापली आणि वरचं टोक बोर्डात तसंच ठेवलं, त्यामुळे जे जमिनीत जायचं ते दोरीत यायला लागलं आणि दोरीतून खिडकीत. तुम्ही पीळ चांगले दिलेत सर, म्हणाली, तांब्याचा जोड असाच घट्ट लागतो.
इंदिरा उठली, एका हाताने पाळणा ओढत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. मी मदतीला गेलो नाही.
मी रुखसारला म्हणालो, हिरव्या वायरीत करंट नसतो, असंच पुस्तकात होतं. ती पीळ सोडवत होती. न बघता म्हणाली, "आयटीआयला पहिल्या आठवड्यात मी तेच लिहिलं सर. पन्नास वेळा लिहिलेलं होतं ना, पाठ होतं. निदेशकांनी वर्गात वाचून दाखवलं." रागाने नाही म्हणाली. तेच जड गेलं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट
रुखसार सकाळी नऊलाच आली. नवा गीझर. बाहेर नवा खड्डा, त्यात रॉड, कोळसा, मीठ. खड्डा गोरखने खणला. खणताना म्हणाला, "सर, मी म्हनलो व्हतो." मी म्हणालो, व्हय. तो हसला.
बोर्डापासून रॉडपर्यंत नवी हिरवी वायर, सलग, मध्ये एकही जोड नाही. गरम पाण्याचा पाइप, गार पाण्याचा पाइप आणि गीझर एकमेकांना त्याच वायरीने बांधले, म्हणजे एकाला सोडून दुसऱ्यात करंट उरणार नाही. बोर्डात एक नवा स्विच, करंट गळायला लागला की आपोआप मेन पाडणारा. चाचणीचं बटण दाबून दाखवलं. सगळं घर एका क्षणात बंद. इंदिराने स्वतः तीन वेळा दाबून पाहिलं. मला दाबायला दिलं नाही.
दुपारी तिने मुकुलला फोन केला. म्हणाली, तिकिटं ठेवा. मी आत जाऊन सायकलची ट्यूब आणि पाटी काढली. पाटी फाडायची होती, पण अक्षर खरंच चांगलं आलंय. कपाटात ठेवली.

रविवार, २४ ऑगस्ट
आली. पंख्याकडे नाही, माझ्याकडे बघून हसते. पंखा बंद होता, मी खात्री केली.
मुकुल बॅगा आत आणत होता. श्रद्धाने विचारलं, बाबा, वायरिंगला नक्की काय झालं होतं. मी घसा साफ केला. इंदिरा म्हणाली, जुनी झाली होती ग, किती वर्षं चालणार. आणि मला म्हणाली, तुम्ही चहा घ्या. चहा तिनेच केला होता. एका हाताने.

सोमवार, २५ ऑगस्ट. सकाळी सव्वासहा.
सगळे झोपलेत. इरावतीची या घरातली पहिली आंघोळ आज.
बाथरूममध्ये गेलो. गीझर चालू केला. चपला बाहेर काढून ठेवल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो. फरशीवर पाणी ओतलं. हात ओला केला. नळ धरला.
काही झालं नाही. तरी थोडा वेळ धरून उभा राहिलो. पाय गार पडले.
मागे इंदिरा दारात उभी होती, कधीपासून ते माहीत नाही. म्हणाली, झालं असेल तर बाहेर या, पोरीला घेऊन येते. चपला तिने पायाने माझ्यापुढे सरकवल्या.

मंगळवार, २६ ऑगस्ट. दुपारी.
वायरीच्या जागी बांधलेली नायलॉनची नवी दोरी तुटली. सतरा लंगोट, सहा दुपटी आणि मुकुलची जीनची पँट. सगळं चिखलात. श्रद्धा म्हणाली, बाबा, काहीतरी भक्कम बांधा ना.
घराच्या मागे गेलो. नवी हिरवी वायर, वीतवीतभर अंतरावर क्लिपा, एकदम सरळ. उत्तम दर्जाचं तांबं. बाथरूमच्या पाइपाशी तिच्यावर एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती, परवा नव्हती. त्यावर निळ्या पेनाने, डाव्या हाताने काढलेल्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं, ‘ही दोरी नाही’.
कोणासाठी ते लिहिलेलं नव्हतं.
पक्कड माझ्या हातात कशी आली ते आठवत नाही. परत पेटीत ठेवली. चार वाजता दुकान उघडेल, तेव्हा दोरी आणायची.